मिशनरीचा परदेशातला दिवस नेमका कसा जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघे नवरा-बायको, एक लहान मूल, मंडळीत (चर्चमध्ये) बरीच वर्षे सेवा केलेली, आणि आता परदेशात मिशनरी म्हणून जायचे मनात आहे. तिथला रोजचा दिवस कसा असतो आणि सर्वांत कठीण काय असते, हे तुम्ही विचारले आहे. आजार, हल्ला, अटक यांची धास्ती वाटते, असेही लिहिले आहे. मी दीर्घकाळ परदेशात ही सेवा केली आणि आता जाणाऱ्यांची तयारी करून घेतो. त्या आधारावर सांगतो.

तुमची धास्ती खोटी नाही. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आला आणि १८२६ मध्ये पटकीने (कॉलऱ्याने) वारला. त्याच्यासोबत आलेला सॅम्युअल नॉट प्रकृती ढासळल्यामुळे दोन-अडीच वर्षांतच परतला. २००७ मध्ये अफगाणिस्तानात दक्षिण कोरियाच्या एका मंडळीच्या २३ जणांना तालिबानने ओलीस धरले आणि त्यातल्या दोघांना ठार मारले. असे घडते. पण सेवा अर्धवट सोडून आलेली जी माणसे माझ्याशी मोकळेपणाने बोलली, त्यांतली फार थोडी आजाराने किंवा छळाने परतली होती. बाकीची साध्या दिवसांनी थकली होती. भाषा येत नाही, केलेले काम दिसत नाही, सहकाऱ्याशी पटत नाही, मुलाच्या शाळेचे काय करावे कळत नाही, घरी आई-वडील म्हातारे होत चाललेले. म्हणून माझा आग्रह असतो की तयारी या साध्या दिवसांची करा. संकटात देव बळ देतो यावर आपला विश्वास असतोच, आणि तेव्हा मंडळीही प्रार्थनेला बसते. एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी दुपारी मात्र कोणीच तुमच्यासाठी बसलेले नसते.

पहिल्या वर्षातला दिवस साधारण असा जातो. पहाटे प्रार्थना आणि शास्त्रवाचन. मग घर चालवणे, आणि त्याला मायदेशात लागायचा त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. पाणी उकळायचे की गाळायचे, वीज गेली तर कोणाला सांगायचे, भाडे कोणाच्या हातात द्यायचे, घरमालकीण काल एकदम गप्प का झाली, यातले काहीही आपोआप कळत नाही. त्यानंतर दोन-तीन तास भाषेचा वर्ग. दुपारी त्या दिवशी शिकलेली वाक्ये घेऊन शेजारी जायचे, दुकानदाराशी बोलायचे, चुकायचे, पुन्हा बोलायचे. निवासाचा परवाना, पोलिसांकडची नोंदणी, बँकेचे खाते यांपायी कचेरीच्या रांगांत बरेच दिवस जातात. संध्याकाळी कोणाच्या घरी प्रार्थनासभा असेल तर मागे बसायचे. निम्मे समजते, निम्मे अंदाजाने. रात्री मुलाचा अभ्यास, हिशेब, पाठवणाऱ्या मंडळीला पत्र. 'आज सुवार्ता सांगितली' असे वहीत लिहावे अशी गोष्ट पहिल्या वर्षात क्वचितच घडते.

हे पचवणे सर्वांत अवघड जाते ते तुमच्यासारख्या अनुभवी सेवकांना. ज्याने मायदेशी दर रविवारी उपदेश केला, तरुण ज्याच्याकडे सल्ल्याला यायचे, त्याला तिथे औषधाची चिठ्ठी वाचता येत नाही आणि शेजारचे सहा वर्षांचे पोर त्याची वाक्ये दुरुस्त करते. आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही, ही भावना अनेकांना आतून खाते. मग ते दोनपैकी एक वाट धरतात. एक तर जिथे आपली भाषा किंवा इंग्रजी चालते अशा लोकांतच वावरतात. किंवा भाषा बाजूला ठेवून लगेच एखादा प्रकल्प सुरू करतात, शिवणवर्ग, बालवाडी, काहीही, म्हणजे घरी पाठवायला फोटो मिळतो. मी दोन्हींना ठाम विरोध करतो. इंग्रजीवर विसंबलात तर तुमच्याभोवती इंग्रजी येणारे आणि तुमच्याकडून काही हवे असणारे लोकच जमतील. ज्यांच्यासाठी गेलात ते तुमच्याविषयी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतील.

भाषेला किती वेळ द्यायचा याचा एक अंदाज देतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना अरबी, चिनी, जपानी, कोरियन या भाषांत कामकाज जमावे म्हणून सुमारे २२०० तासांचे वर्ग धरते. स्पॅनिश, फ्रेंच यांना त्याच्या साधारण एक तृतीयांश. हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. मराठी माणसाला नेपाळी किंवा बंगाली लवकर जमेल, थाई किंवा अरबीला मात्र तितकाच घाम गाळावा लागेल. म्हणून पाठवणाऱ्या संस्थेशी आधीच लेखी ठरवून घ्या की पहिली किमान दीड-दोन वर्षे भाषेखेरीज दुसरी जबाबदारी नाही. इंग्लंडचा फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापून आले १६१६ मध्ये. मधली वर्षे इथल्या माणसांत आणि इथल्या बोलीत गेली, म्हणून ती ओवी आजही परक्याची वाटत नाही. अमेरिकन मिशनरी ॲडोनायरम जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोचला, पहिला बाप्तिस्मा झाला १८१९ मध्ये. रॉबर्ट मॉरिसनला चीनमध्ये पहिल्या बाप्तिस्म्यापर्यंत सात वर्षे लागली. पाठवणाऱ्या मंडळीच्या वडीलजनांना ही उदाहरणे जाण्यापूर्वीच सांगून ठेवा. दर तीन महिन्यांनी 'किती आत्मे जिंकले' असे विचारणारी मंडळी आपल्या मिशनरीला नकळत खोटे लिहायला शिकवते.

आता ज्या विषयावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तो. तुम्ही तिथे पाहुणे आहात, आणि बहुतेक देशांत तुमच्या आधीपासून तिथे मंडळी आहे. लहान असेल, गरीब असेल, तिचा पाळक (पास्टर) तुमच्याहून कमी शिकलेला असेल. तरी त्या भूमीवरचा वडील तोच. १९१० मध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनरी संस्थांची मोठी परिषद भरली होती. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यांत आशियातले वीसही नव्हते. त्यांतल्या व्ही. एस. अझरिया या भारतीय सेवकाने उभे राहून पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सांगितले की तुम्ही आपली मालमत्ता गरिबांना दिलीत, जीवही दिलेत, आता आम्हाला मित्र द्या. सभागृहात अनेकांना ते झोंबले. आज भारतातून, कोरियातून, नायजेरियातून, ब्राझीलमधून मिशनरी जातात, म्हणून हा प्रश्न मिटला असे समजू नका. आपण पाश्चात्त्य नाही, तेव्हा आपल्यात वरचढपणा नाही, असे आपल्या लोकांना फार सहज वाटते. ज्याच्या हातात बाहेरून येणारे पैसे असतात आणि ज्याला हवे तेव्हा विमानात बसून निघून जाता येते, तो वरचढ असतोच. त्याचा रंग आणि देश कोणता, हे गौण आहे.

पैशांचा गुंता इथूनच सुरू होतो. शेजाऱ्याचे मूल आजारी पडते, तुमच्याकडे पैसे आहेत हे त्याला दिसते, तो मागतो. न देणे निर्दयपणाचे वाटते. दिले तर पुढच्या आठवड्यात दारात चौघे असतात आणि मैत्रीचा रंग बदललेला असतो. मी नव्यांना सांगतो की जीव वाचवायची तातडी असेल तर स्वतः द्या, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, आणि त्याची वाच्यता करू नका. बाकी सगळी मदत स्थानिक मंडळीच्या वडीलजनांमार्फत जाऊ द्या. कोणाला द्यायचे हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले कळते. स्थानिक सुवार्तिकाचा पगार कधीही स्वतःच्या खिशातून देऊ नका. तो मग तुमचा नोकर होतो, आणि तुमचे चुकले तेव्हा तुम्हाला सांगणारे कोणी उरत नाही. हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन या मिशनरी संस्थांच्या चिटणीसांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मांडले होते की मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, आणि मिशनरीने तिथून पुढे निघावे. पुढच्या पिढ्यांनी ते तत्त्व मान्य केले, पण इमारती, वाहने आणि पगार बाहेरच्या पैशांवर चालू राहिले. मिशनरी गेला की ते सगळे बंद पडले, हे अनेक देशांत पाहायला मिळते.

याच्याच जोडीला अहवालातल्या फोटोंचेही सांगतो. फाटक्या कपड्यांतल्या लेकराचा फोटो पाठवला की देणगी येते. तो फोटो त्या लेकराच्या आईला दाखवता येईल का, हे स्वतःला विचारा. दाखवता येत नसेल तर पाठवू नका. आता तर तुमचे पत्र तिथल्या लोकांच्या मोबाइलवरही पोचते.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. काही देशांत धार्मिक सेवेसाठी वेगळा व्हिसा असतो. अमेरिकेचा 'आर-१' हा तसाच, सुरुवातीला ३० महिन्यांपर्यंत आणि एकूण ५ वर्षे. काही देशांत धर्मांतर घडवणे हाच गुन्हा आहे. नेपाळच्या २०१८ पासून लागू असलेल्या दंडसंहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परदेशी व्यक्तीला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढायची तरतूद आहे. अशा ठिकाणी तुमच्या उत्साहाची किंमत बहुधा तुम्ही देत नाही. तुम्ही घरी परतता. ज्याच्या घरी सभा घेतली तो मागे राहतो, त्याची नोकरी जाते, त्याच्या मुलांना शाळेत त्रास होतो. म्हणून किती उघडपणे बोलायचे, कधी बोलायचे, हा निर्णय स्थानिक विश्वासणाऱ्यांचा असावा. व्यवसायाच्या निमित्ताने जात असाल तर तो व्यवसाय मन लावून करा. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात प्रेषित पौल तंबू शिवत होता, आणि तो तंबू शिवण्याचे सोंग घेत होता असे कुठेही लिहिलेले नाही. शिक्षक म्हणून परवाना घेतला आणि वर्गावर नीट शिकवले नाही, तर पहिली साक्षच खोटी ठरते.

आमिष, दबाव, एखाद्याच्या आजाराचा किंवा दुःखाचा फायदा घेणे, याला कुठेच जागा नाही. आणि जिथे जाण्याने लोकांच्या जिवालाच धोका आहे तिथे जाऊ नये. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन चाऊ हा अमेरिकन तरुण अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर बंदी मोडून गेला आणि मारला गेला. त्याच्या धैर्याचे कौतुक करणारे मी ऐकले आहेत. मला त्या बेटावरच्या माणसांची काळजी वाटते, कारण बाहेरच्या साध्या रोगांशीही त्यांच्या शरीराची ओळख नाही. ज्यांच्यावर प्रेम करतो म्हणतो त्यांना आधी जगू द्यायला हवे.

प्रकृतीचे थोडक्यात. लसी वेळेवर घ्या. पीतज्वराच्या लसीचा दाखला २०१६ पासून आयुष्यभर वैध धरला जातो, तो जपून ठेवा. हिवतापाच्या प्रदेशात मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी दिलेली प्रतिबंधक गोळी चुकवू नका. आणि लोक ज्याचा विचारच करत नाहीत ते म्हणजे रस्ते. परदेशात जाणाऱ्या निरोगी माणसांच्या मृत्यूचे एक मोठे कारण रस्ते-अपघात आहे. रात्रीचा लांबचा प्रवास टाळा, हेल्मेट आणि पट्टा याबाबत हयगय करू नका.

सहकाऱ्यांविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण घरे याच्यामुळे रिकामी झालेली पाहिली आहेत. तुम्ही निवडलेले नसलेले चार-पाच लोक, त्याच वाड्यात किंवा त्याच गल्लीत, कामही एकच, प्रार्थनाही एकत्र, सुट्टीही एकत्र. एकाला वाटते दुसरा खर्चिक आहे, दुसऱ्याला वाटते पहिला स्थानिकांशी कडक वागतो. सगळे देवाचे सेवक, म्हणून राग बोलून दाखवायचा नाही, अशी एक घातक सभ्यता असते. महिनोन्‌महिने साठलेले मग एखाद्या किल्लीवरून किंवा गाडीच्या वापरावरून बाहेर पडते. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचेही मार्क या सोबत्यावरून इतके बिनसले की ते वेगळे झाले, आणि शास्त्राने ते लपवलेले नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०० मध्ये विल्यम कॅरी, मार्शमन, वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एकत्र राहायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी शनिवारची संध्याकाळ आपसातले मतभेद मिटवण्यासाठी राखून ठेवली होती. आठवड्याचे आठवड्याला. मला ही व्यवस्था अत्यंत शहाणपणाची वाटते. तुमच्या गटात तशी ठरलेली वेळ नसेल तर पहिल्याच महिन्यात मागा. भांडण व्हायच्या आधी मागितली तर कोणाला टोचत नाही.

आता घर. कॅरीचे नाव आपण आदराने घेतो, पण त्याची पत्नी डोरोथी सुरुवातीला जायला तयार नव्हती, शेवटच्या क्षणी तयार झाली. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला, तिचे मन ढळले ते पुन्हा सावरले नाही, आणि १८०७ मध्ये ती त्याच अवस्थेत वारली. तुम्ही पत्रात 'आम्हाला पाचारण झाले आहे' असे लिहिले आहे. ताईंना एकांतात, त्यांच्या विश्वासातल्या एखाद्या अनुभवी बहिणीकडून विचारले जाऊ द्या. त्यांचे उत्तर 'अजून नाही' असेल तर ते देवाचे उत्तर समजा. तिथे नवऱ्याला भाषेचा वर्ग, सभा, ओळखी असतात. बायको मूल आणि स्वयंपाकघर यांतच अडकली तर तिची भाषा मागे पडते, मग मैत्रिणी होत नाहीत, मग घर हाच तिचा देश होतो. दोघांनाही भाषेचे सारखे तास मिळतील अशी वाटणी करा, नवऱ्याने मूल सांभाळून.

मुलाच्या शाळेचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. स्थानिक शाळेत गेले तर भाषा आणि मित्र मिळतात, परतल्यावर अभ्यासक्रम जुळत नाही. आंतरराष्ट्रीय शाळा महाग, आणि मूल शेजाऱ्यांपासून तुटते. निवासी शाळेबाबत मी सावध आहे. विसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या मुलांसाठी चालवलेल्या काही निवासी शाळांत मुलांवर अत्याचार झाल्याचे नंतरच्या चौकशांत उघड झाले, आणि आई-वडिलांच्या सेवेत अडथळा नको म्हणून ती मुले वर्षानुवर्षे गप्प राहिली होती. बालसंरक्षणाचे लेखी नियम दाखवू न शकणाऱ्या संस्थेबरोबर जाऊ नका. समाजशास्त्रज्ञ रूथ यूसीम यांनी १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना दोन संस्कृतींच्या मधल्या जागेत वाढणाऱ्या मुलांकडे लक्ष वेधले. अशी मुले जगात कुठेही मिसळतात, पण 'तू कुठला?' या प्रश्नाला अडखळतात. त्यांना प्रत्येक मुक्काम सोडताना नीट निरोप घेऊ द्या. घाईत गाडीत बसवलेले मूल ते दुःख पुढच्या देशात घेऊन जाते.

आई-वडील. याबद्दल कोणी आधी बोलत नाही. रात्री फोन येतो, वडील दवाखान्यात आहेत, आणि तुमच्या आणि त्यांच्यामध्ये दोन विमाने आणि एक व्हिसा असतो. अंत्यविधीला पोचता आले नाही असे कितीतरी सेवक आहेत. निघण्यापूर्वी भावंडांना घेऊन बसा. दवाखान्याचे निर्णय कोण घेणार, खर्चात तुमचा वाटा किती, कोणत्या प्रसंगी तुम्ही काहीही झाले तरी येणार, हे बोलून घ्या. तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि कोणत्याही सेवाकार्यासाठी त्यांना हात लावू नका. मागे राहिलेला भाऊ किंवा बहीण तुमच्या वाट्याची सेवा करते आहे, हे मंडळीच्या पत्रातही लिहा. देवासाठी गेलेल्याचे सगळे कौतुक करतात. औषधे आणणाऱ्या बहिणीचे नाव कोणी घेत नाही.

मोबाइलमुळे हे अंतर कमी झाले, आणि एक नवी अडचण आली. लेटर डे सेंट्स (मॉर्मन) पंथाचे तरुण मिशनरी पूर्वी वर्षातून दोनदाच घरी फोन करत; २०१९ पासून त्यांना दर आठवड्याला परवानगी आहे. मला तो बदल योग्य वाटतो. पण रोज तासभर घरच्यांशी व्हिडिओवर बोलणारा माणूस शरीराने तिथे आणि मनाने इथे राहतो. पहिल्या वर्षी आठवड्यातून ठरावीक दोनदा पुरे.

आत्मिक कोरडेपणा येतो, आणि त्याची लाज वाटते, कारण आपण तर इतरांना आशा द्यायला गेलेलो. परक्या भाषेतल्या उपासनेत बरेच दिवस हृदय हलत नाही. स्वतःच्या भाषेतली भजने, स्तोत्रे जवळ ठेवा, रोज मोठ्याने वाचा. आठवड्यातला एक दिवस विसाव्याचा ठेवा आणि तो रविवार नसावा, कारण रविवारी तुम्ही काम करता. झोप उडाली, रडू येऊ लागले, प्रार्थनाच नकोशी झाली आणि हे काही आठवडे टिकले, तर समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. विश्वास कमी पडला म्हणून हे होते असे कोणी म्हटले तर ऐकू नका.

परतल्यावरही काही महिने अवघड जातात. घर ओळखीचे असते, पण तुम्ही बदललेले असता, आणि लोकांना तुमच्या गोष्टी पाच मिनिटेच ऐकायच्या असतात. त्यासाठी विसाव्याचे काही महिने आणि नीट ऐकून घेणारा माणूस, हे संस्थेने द्यावे.

तुमच्यासाठी पुढचे पाऊल म्हणून एवढे सुचवतो. आत्ता कायमचे जाऊ नका. एखाद्या स्थानिक पाळकाच्या हाताखाली, तो सांगेल ते काम करत, तीन-चार महिने राहून या. मूलही सोबत न्या. संस्था निवडताना चार गोष्टी लेखी मागा: भाषेसाठी किती काळ मोकळा, तिथे तुमचा वरिष्ठ कोण आणि तो स्थानिक आहे का, बालसंरक्षणाचे नियम, आणि आजारपणात किंवा अटकेत कोण काय करणार. परतल्यावर त्या पाळकाकडून तुमच्याविषयी पत्र मागवा, आणि ते पत्र तुमच्या वडीलजनांनी आधी वाचावे, मग तुम्ही दोघांनी.